चाकूर बसंना

माझं निम्मं आयुष्य अक्षरं जाड करण्यात गेलंय. लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं बोर्ड-बॅनरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक पंखा, एक स्टूल आणि मी. त्या काळात दर उन्हाळ्यात गल्लीत नवा क्लास उघडायचा, आणि क्लासवाला सगळ्यात आधी माझ्या डोक्यावर येऊन उभा राहायचा. "मॅडम, नाव जरा ठसठशीत करा." केलं. "अजून." केलं. "समोरच्यापेक्षा मोठं दिसलं पाहिजे बघा." आता समोरचाही माझंच गिऱ्हाईक! त्याचं नाव मी नुकतंच त्याच्या समोरच्यापेक्षा मोठं केलेलं. असं करत करत त्या गल्लीतली सगळी नावं सुजली होती. मान वर केली की आभाळाऐवजी हमखास यशच दिसायचं.

जाड करायची युक्ती सोपी. आम्ही तिला ऑफसेट म्हणायचो. एखाद्या आकाराच्या कडेकडेनं, सगळीकडून सारखं अंतर धरून, दुसरी रेघ काढायची. कॉम्प्युटरला फक्त अंतर सांगायचं आणि बाहेर का आत तेवढं सांगायचं. बाहेर म्हटलं की आकार फुगतो, आत म्हटलं की वाळतो. मला आत म्हणायची वेळच कधी आली नाही. लातुरात त्या दिवसांत आत कोण सरत होतं? माझं बोट न बघताच "बाहेर"वर जायचं. हे बोट पुढं मला नडणार होतं, पण ते सांगते.

दुकानातल्या स्टुलावर माझी धाकटी बहीण बसलेली असायची. तिला दिसत नाही. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत जात होते आणि ती अजून अंगणवाडीत होती. आईनं तिला पोटाशी धरलं म्हणून ती वाचली. आई गेली. हिच्या डोक्याला दगड लागला, त्यात नजर गेली. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना काही होत नाही, आणि एखाद्या दिवशी भाजी निवडताना उगाच होतं. वडील नव्यानं वसवलेल्या गावात राहिले. मी शिकायला म्हणून लातूरला आले आणि हिला सोबत घेऊन आले.

गल्लीतली यच्चयावत पोरं डॉक्टर व्हायला आलेली. हिला मात्र बाई व्हायचं होतं, शाळेतली. डी.एड.ला नंबर लागला, पहिलं वर्ष झालं. ब्रेलचं पुस्तक मांडीवर घेऊन ती माझ्या दुकानात तिसरीच्या मुलांना शिकवल्यासारखं मोठमोठ्यानं बोलायची, आणि क्लासची पोरं झेरॉक्सचा पत्ता विचारायला येऊन ऐकत उभी राहायची. मग आला शेवटचा पाठ. परीक्षक समोर बसणार, वर्गात खरी मुलं असणार, आणि त्यावर ठरणार की हिला शिकवता येतं का नाही.

त्यांच्या अध्यापक विद्यालयातले सर माणूस चांगले. त्यांनी तिला प्रेमानं बोलावून सांगितलं, "बाळ, तू कवितेचा पाठ घे. चालीत म्हण, मुलं डोलतील, काम होईल." ही म्हणाली, "सर, मला 'आपला जिल्हा' घ्यायचाय." सर म्हणाले, "त्यात नकाशा असतो बाळ. नकाशा कसा दाखवशील?"

घरी आली ती तणतणत. "आक्का, दिसत न्हाई म्हणून गाणंच म्हणायचं का मी?"

"तू गाणं म्हणलीस तर पोरं डोलणार न्हाईत, पळून जातील," मी म्हणाले. हे खरंच आहे. तिचा आवाज म्हणजे देवा रे देवा.

"म्हणूनच सांगायले ना. मला नकाशा करून दे. लाकडाचा. तालुके सुटे सुटे पाहिजेत, हातानं काढायचे, हातानं लावायचे." मग म्हणाली, "मलाबी कळू दे की आपला जिल्हा हाय कसा. सगळे नुसतं नाव घेतात."

मी चाटच पडले. इतकी वर्षं मी तिला भाजीचे भाव सांगत होते, साडीचे रंग सांगत होते, समोरच्या क्लासचा बोर्ड किती भडक आहे ते सांगत होते. जिल्हा कसा दिसतो ते सांगायचं कधी सुचलंच नव्हतं. जिल्हा सांगणार तरी कसा?

तिसरीच्या पुस्तकातला नकाशा स्कॅन केला आणि त्यावर रेघ ओढत बसले. दहा तालुके. लातूर, औसा, निलंगा सोपे. देवणी आणि शिरूर अनंतपाळ बारीक. अहमदपूर, उदगीर, जळकोट, रेणापूर कडेला, आणि चाकूर बरोब्बर मधे, सगळ्यांच्या गराड्यात. मी रेघ ओढायची आणि ही स्टुलावरून विचारायची, "आता कुठं आलीस?" "निलंग्यात." "अजून निलंग्यातच? चालत चाललीस का काय?"

मांजरा नदी मी एका रेघेत काढली. ही म्हणाली, "नदी एका रेघेची आसती का? तिला दोन काठ पाहिजेत. मधे बोट घालता आलं पाहिजे मला."

झालं, म्हणजे सगळी नदी दुसऱ्यांदा काढा. मी वैतागले. मग सहज म्हणून त्या रेघेला ऑफसेट दिला, दोन्ही बाजूंनी. आणि बाई गं! एका रेघेतून दोन काठ निघाले. नदी जिथं वळत होती तिथं दोघंही वळले, जिथं वळसा घट्ट होता तिथं आतला काठ आखडला, बाहेरच्यानं लांबचा फेरा घेतला, आणि अंतर तसूभरही हललं नाही. हजारो वेळा वापरलेलं बटण. पण आजवर मी त्यातनं क्लासवाल्यांची आडनावंच फुगवली होती. मांजरेला काठ फुटताना मी पहिल्यांदा पाहिले, आणि खुर्चीत मागं टेकून नुसती बघत राहिले.

"काय झालं? गप का झालीस?"

"नदी झाली," मी म्हणाले. "दोन्ही काठ आले, एकदम."

"मधे पाणी हाय का?"

"मधे काय न्हाई. पांढरं हाय."

"मग उन्हाळा आसंल," ती म्हणाली.

लाकूड कापायचं कॉम्प्युटरचं मशीन तेव्हा लातुरात माझ्या ओळखीत कुणाकडं नव्हतं. नांदेडला होतं. तिथं एका चाचांचं फर्निचरचं जुनं दुकान, घरात पिढ्यान्‌पिढ्या दारं-खिडक्यांचं काम, आणि चाचांनी हौसेनं ते मशीन आणून बसवलेलं. फोन स्पीकरवर टाकून मी त्यांच्याशी बोलले.

"बेटी, एक गोष्ट ध्यानात ठेव," चाचा म्हणाले. "मशीन आंधळी आहे. तू जी रेघ देशील तिच्या डोक्यावरून चालणार. तिला अक्कल नाही."

मी घाईघाईनं स्पीकर बंद करायला गेले, पण स्टुलावरून हिचा आवाज गेलाच. "मग आमचं जमलं, चाचा! मीबी आंधळीच हाय."

तिकडून चाचांचं "तौबा, तौबा, माफ कर बेटी," आणि ही खो खो हसतेय. त्या दिवसापासून त्यांची दोघांची गट्टी जमली. माझ्याशी कामापुरतं, हिच्याशी गप्पा.

मग त्यांनी खरी गोम सांगितली. मशीनला खाली कापायचा दाता असतो, त्याला बिट म्हणतात. बिटाला जाडी असते. रेघेवरून चालताना ते अर्धं इकडचं लाकूड खातं, अर्धं तिकडचं. म्हणून रेघ सरकवून द्यावी लागते. "दोन तालुक्यांच्या मधे रेघ एकच," चाचा म्हणाले. "ती कुणाची, ते तू ठरव. मी ठरवत नाही, उगाच भांडणं नकोत."

मला यात अवघड काय ते कळलं नाही. बिट खातंय ना, मग रेघ बाहेर द्यायची. ऑफसेट, बाहेर. मी प्रत्येक तालुक्याला बिटाच्या जाडीएवढा बाहेर ऑफसेट दिला, फाइल पाठवली, आणि एस.टी. धरून नांदेडला गेले.

चाचांनी एका फळीवर जिल्ह्याची चौकट आधीच कापून बसवली होती, छान झाली होती. तालुके एकेक करून मशीनखालून निघाले. काय देखणे दिसत होते! प्लायवूडचे असून मिठाईसारखे. आम्ही कडेकडेनं लावत आलो. अहमदपूर बसलं. उदगीर दाबून बसवलं. निलंगा जरा बुक्की मारून बसवलं. शेवटी हातात राहिलं चाकूर, आणि मधे चाकूरसाठी उरली होती ती जागा चाकूरच्या निम्मी.

"चाकूर बसंना," मी म्हणाले.

"ठोकू का?" चाचांनी लाकडी हातोडी घेतली.

"ठोका."

त्यांनी चाकूरवर एक ठेवून दिली, आणि पलीकडून औसा उडालं ते भुशात जाऊन पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ठोकलं, ह्या खेपेला देवणी उडालं. चाचा म्हणाले कानशीनं घासून बसवून देतो, पण मग तो नकाशा माझा होईल, तुमच्या जिल्ह्याचा राहणार नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. बिट अर्धंच खातं, तर रेघ अर्धीच सरकवायची. मी पूर्ण सरकवून बसले होते. का? तर हाताला सवय! ठसठशीत करा, अजून करा, समोरच्यापेक्षा मोठं करा. दहाच्या दहा तालुक्यांना मी क्लासवाल्यांसारखं फुगवून ठेवलं होतं. मग ते बसतील कसे एका चौकटीत?

घरी येऊन सांगितलं तर ही पोट धरून हसली. "चाकूरला घरच न्हाई राहिलं म्हण की!"

मला हसू येत नव्हतं. पाठ जवळ आला होता. मी तिरमिरीत बसले, म्हटलं बाहेर नको, काहीच नको, जाऊ दे रेघेवरूनच. तालुक्यांचे सगळे ऑफसेट पुसले, फाइल पाठवली, चाचांना सांगितलं की एस.टी.च्या पार्सलनं पाठवून द्या, मला वेळ नाही. चाचा म्हणाले, "बेटी, एकदा विचार कर." मी म्हणाले, "चाचा, तुम्ही कापा."

पार्सल आलं. आता चाकूरसकट सगळे बसले. बसले कसले, नुसते पडले. मला वाटलं काम झालं. मी फळी तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घे तुझा जिल्हा."

तिनं दोन्ही हात पसरून फळीवर ठेवले. आणि दहाही तालुके एकदम सरकले. खडखड असा आवाज झाला, लाकडावर लाकूड आपटल्याचा. तिनं हात असे मागं घेतले की मला वाटलं लाकडाची फास घुसली. "लागलं का?" म्हणून मी बोटं बघायला गेले तर तिनं ती काखेत दाबून धरलेली. चेहरा पार उतरलेला.

"ह्यो हलायलाय, आक्का," ती म्हणाली.

"आगं, जरा सैल झालाय. पोरांना लावायला सोपं जाईल."

"हलायलाय म्हणते ना मी!" ती ओरडली. ती कधी ओरडत नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मला तवा काय दिसलं ते कायबी आठवत न्हाई. आईचं तोंड आठवत न्हाई. खालनं हललेलं तेवढं आठवतंय. आसंच. आसाच आवाज."

मला वाटत होतं ती लहान होती, तिला काहीच आठवत नाही. ते मी धरूनच चालले होते. आणि मी माझ्या हातानं आमचा जिल्हा करून, हलता करून, तिच्या हाताखाली ठेवला होता.

"मी कवितेचा पाठ घेते," ती म्हणाली. "सांग सरांना."

मला असा राग आला! तिच्यावर नाही, सरांवर नाही, त्या मशीनवर आला, त्या बटणावर आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या ह्या बाहेरच पळणाऱ्या बोटावर आला. मी म्हणाले, "कविता गेली उडत. उठ. नांदेडला चल."

"मी कशाला?"

"तू सांग किती हललं तर चालंल. मला न्हाई कळत ते."

एस.टी.त ती खिडकीशी बसली. चाकूर आलं तेव्हा मी सांगितलं, "हे बघ, चाकूर." तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, वाऱ्यावर धरला, आणि म्हणाली, "ह्याला जागा देऊ आपण." कंडक्टर ओरडला, हात आत घ्या म्हणून. सगळ्या रस्ताभर ती तिकिटाचा कागद बोटांत चोळत होती. तिची सवयच आहे ती, कुठलाही कागद मिळाला की चोळत बसते.

चाचांच्या दुकानात ती आली आणि बोलण्याआधी हातांनी हिंडायला लागली. मी "लागंल, लागंल" करत मागं. चाचा म्हणाले, "फिरू दे." तिनं दारं चाचपली, पाटांवरून हात फिरवला, मग एका कपाटाचा ड्रॉवर ओढला. आत ढकलला. पुन्हा ओढला. पुन्हा ढकलला. ड्रॉवर ना अडकत होता, ना खडखडत होता.

"चाचा, ह्यो असा कसा?"

"त्याला हवा सोडली आहे," चाचा म्हणाले. "लाकडाला लाकूड चिकटवलं तर पावसाळ्यात फुगून बसतं. लई सोडली तर वाजतं. थोडी हवा ठेवून राहिलो आम्ही, आजोबापासून."

हवा! मी एवढी वर्षं ऑफसेट ऑफसेट म्हणत होते, आणि ह्या माणसाच्या घरात त्याला हवा म्हणत होते. मला तो शब्द इतका आवडला की मी तो मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून बघितला.

हिनं ड्रॉवरच्या कडेच्या फटीत नख घालून बघितलं, जाईना. मग हातातलं एस.टी.चं तिकीट घातलं. ते सुळकन आत गेलं. दुमडून घातलं, जाईना. तिनं तिकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "एवढी. एवढी हवा ठेव. मग हलणार न्हाई आन्‌ अडकणार न्हाई."

चाचांकडं जाडी मोजायचा गेज होता. त्यांनी तिकीट मोजलं. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. आधी बिटाच्या निम्म्यानं बाहेर. मग, आयुष्यात पहिल्यांदा, आत. प्रत्येकाला अर्ध्या तिकिटाच्या जाडीनं आत, म्हणजे दोघांच्या मधे एक तिकीट. स्क्रीनवर काही झाल्यासारखं दिसेना. मी झूम केलं, अजून झूम केलं, आणि मग दिसलं. दहाही तालुके आपापल्या जागेवरून केसभर आत सरले होते. लातूर सरलं होतं, औसा सरलं होतं, एवढंसं देवणीही सरलं होतं. कुणाचं काही कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. आणि सगळ्यांच्या मधून एक बारीक वाट निघाली होती, सगळा जिल्हाभर हिंडत गेलेली, कुठं न तुटलेली. मी कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिले. दर जिल्ह्यात, दर गावात, दोन घरांच्या भिंतींत अशी एक वाट असेलच की. आपण बघत नाही एवढंच.

"झालं का?" ही म्हणाली.

"झालं. हवा सोडली."

मशीन चालू झालं. ती बाजूच्या दाराच्या चौकटीला तळहात लावून उभी राहिली. मशीनची थरथर चौकटीतून येत होती. मी बघत होते की ही हात काढते का. काढला नाही. म्हणाली, "हे काम करायलंय, म्हणून हलायलंय. हे येगळं."

तालुके निघाले. ह्या खेपेला आम्ही कुणी हात लावला नाही, तीच लावत गेली. कडेनं आली, मधे आली, चाकूर शेवटी ठेवलं. ते हातोडीनं नाही, बोटानंही नाही, आपल्या वजनानं खाली उतरलं. उतरताना खालची हवा कडेनं निघाली, बारीक आवाज आला, हुश्श असा. आणि बसलं.

चाचांनी "सुभानअल्ला" म्हटलं आणि पाठ फिरवून उगाच भुसा झाडायला लागले.

ती मात्र थांबली नव्हती. तिनं मांजरेत बोट घातलं आणि नदी धरून निघाली. वरून खाली, वळणं घेत, ह्या तालुक्यातून त्या तालुक्यात. फटीवरून जाताना बोट जरासं थांबायचं, मग पुढं. "आता कुठं आले?" तिनं विचारलं. मी सांगितलं. पुढच्या फटीला तिनं विचारलं नाही, तिनंच नाव घेतलं. बरोबर घेतलं. तिसऱ्यालाही घेतलं. मी तिचं तोंड बघत होते. ती बघत होती, दुसरा शब्द नाही माझ्याकडं. ती आमचा जिल्हा बघत होती.

पाठाच्या दिवशी फळी उचलायला म्हणून मला वर्गात येऊ दिलं. सर मागच्या बाकावर, शेजारी परीक्षक, त्यांच्याशेजारी मी. खाली सतरंजीवर तिसरीची मुलं. ही पुढ्यात फळी घेऊन खाली बसली, तालुके सगळे काढले, ओटीत गोळा केले आणि म्हणाली, "आपला जिल्हा इस्कटलाय. कोण लावतंय?"

दोन वेण्यांची एक पोरगी पुढं आली. तिनं तुकडा घेतला, बाईंकडं बघितलं, बाईंचे डोळे तर मिटलेले. पोरीला वाटलं खेळाचा नियमच तसा. तिनंही घट्ट मिटून घेतले. मागनं दुसरा पोरगा ओरडला, "ए, तू फटीतून बघायलीस!" "न्हाई बघत!" आणि बघता बघता सगळ्या वर्गानं डोळे मिटले. मी शपथेवर सांगते, आख्खा वर्ग डोळे मिटून, जिभा बाहेर काढून, लाकडावर बोटं फिरवत बसला होता. "बाई, ह्याला शेपूट हाय." "शेपूट न्हाई ते, कोपरा हाय, जागा हुडका." "बाई, हे मधलं कोण?" "ते चाकूर. ते सगळ्यांच्या शेवटी." मुलांना कळलंच नाही की बाईंना दिसत नाही. त्यांना वाटलं जिल्हा असाच शिकतात. मी सरांकडं बघितलं, तर सरही डोळे मिटून बसले होते.

तो पाठ कसा झाला ते लोक अजून विचारतात. ती आज तिसरीला शिकवते आणि नकाशाची फळी तिच्या वर्गात आहे, एवढं उत्तर पुरे आहे. माझ्या मनात राहिलंय ते पाठ संपता संपता झालेलं.

जिल्हा लागला होता. दोन वेण्यांच्या पोरीनं विचारलं, "बाई, तुमचं गाव कुठं?" हिनं औशाच्या तुकड्यावर खालच्या अंगाला बोट ठेवलं. "हितं."

"आजी म्हणती तितं भूकंप झालता."

"झालता."

"सगळं हललं व्हतं?"

"सगळं."

पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, परत हलंल का?"

परीक्षकांनी लिहिता लिहिता मान वर केली. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं. काय सांगणार ती? हलणार नाही म्हणून कोण सांगू शकतं? हिनं दोन्ही तळहात फळीवर ठेवले, पूर्ण पसरून, जसे त्या दिवशी ठेवले होते. मग मुलांना म्हणाली, "या. समद्यांनी हात ठिवा. हलवून बघा."

मुलं तुटून पडली. एवढ्या-एवढ्याशा हातांनी ढकलतायत, दाबतायत, एकमेकांच्या हातांवर हात. तिचे हात सगळ्यात खाली होते.

"हलायलंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई!"

तिनं हात काढले नाहीत. मान जराशी खाली घातली, आणि पुन्हा विचारलं, ह्या खेपेला हळू, बाईच्या आवाजात नाही, अंगणवाडीतल्या पोरीच्या आवाजात.

"नक्की न्हाई ना?"

"न्हाई बाई," मुलं म्हणाली. "आमी धरलंय."